कडांना आलेले दात

पुण्यातील एका संशोधन संस्थेत मी गेली 14 वर्षे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवते. दर सोमवारी सकाळी, दुसरे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी, कार्बनच्या पातळ थरावर बसवलेल्या सोन्याच्या कणांचा तपासणी-नमुना यंत्रात ठेवून त्याची 1 लाख पट मोठी प्रतिमा काढायची, ही आमची जुनी रीत आहे. या कणांच्या कडा स्वच्छ आणि रेखीव दिसल्या, की यंत्राची प्रकृती ठीक आहे असे समजायचे. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एका सोमवारी या कडांना बारीक दात आलेले दिसले. करवतीच्या पात्यासारखे, एकसारख्या अंतरावरचे ते दात काही सेकंद दिसत, मग विरून जात, आणि थोड्या वेळाने पुन्हा उमटत.

इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर ओळीओळीने फिरतो, शेतात नांगर फिरावा तसा, आणि अशा शेकडो ओळी एकाखाली एक रचल्या गेल्या की प्रतिमा तयार होते. आमच्या मांडणीत एका ओळीला 20 मिलिसेकंद लागत होते. मी पडद्यावर ओळी मोजल्या, तेव्हा साधारण दर चार ओळींनंतर एक दात येत होता, म्हणजे 80 मिलिसेकंदांत एक हेलकावा, म्हणजेच सेकंदाला साडेबारा कंप. भिंतीतल्या वीजतारांचा हा दोष असण्याची शक्यता तिथेच संपली, कारण विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते आणि तिचा प्रत्येक फेरा आमच्या एका ओळीइतकाच, म्हणजे 20 मिलिसेकंदांचा असल्याने तिच्यामुळे असे दात पडत नाहीत. एका दाताची लांबी प्रतिमेवर मिलिमीटरभर होती. 1 लाख पटीचा हिशेब उलटा केला, तर झोत आणि नमुना एकमेकांच्या तुलनेत 10 नॅनोमीटरने हलत होते. इतके लहान अंतर हलवणारी वस्तू बहुधा फार मोठी असते, हे या कामात राहून कळते.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीपासून चाळीसेक पावलांवर रस्ता आहे. तो पूर्वीही होता. उन्हाळ्यात मात्र तिथे एक नवा स्पीडब्रेकर झाला होता, आणि त्याच्या अलीकडे पाण्याच्या वाहिनीसाठी खणलेला चर नीट न दाबता बुजवल्यामुळे पावसात खचला होता. संशय आला, तेव्हा मी दारावरच्या सुरक्षारक्षकांना, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, मोबाइल घेऊन रस्त्याकडेला उभे राहायला सांगितले आणि स्वतः पडद्यासमोर बसले. मामा गाडी आली की सांगायचे आणि मी दात दिसले की वेळ लिहायची. दुचाकी, रिक्षा, मोटारी यांनी काहीच होत नव्हते. बस गेली की कडा किंचित शहारायची. एकदा पडद्यावर संपूर्ण प्रतिमा हेलपाटली आणि त्याच क्षणी फोनवर मामा म्हणाले, "मॅडम, आत्ता गेला तो हायवा होता, रिकामा. भरलेला एवढा आदळत नाही." हायवा म्हणजे माती-खडी वाहणारा मोठा डंपर. पुढच्या दोन तासांच्या नोंदींत मामांचे हे निरीक्षण खरे ठरत गेले. भरलेल्या गाडीच्या ओझ्याखाली कमानपाटे दबून काम करतात, रिकाम्या गाडीचे मात्र ताठ राहतात आणि मागची चाके उडून रस्त्यावर आपटतात.

अवजड वाहनाचे शरीर स्प्रिंगांवर सावकाश, सेकंदाला एक ते तीन वेळा, वरखाली होते. त्याच्या चाकांचा आणि आसाचा स्वतंत्र असा एक उडीचा ठेका असतो आणि तो साधारणपणे 10 ते 15 हर्ट्झच्या दरम्यान पडतो. गुळगुळीत रस्त्यावर हा ठेका जवळजवळ जागा होत नाही. खड्डा, खचलेला चर किंवा स्पीडब्रेकर आला, की त्याला धक्का मिळतो. जमिनीला बसलेल्या त्या आघातातील बरीचशी ऊर्जा पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरींतून प्रवास करते, आणि या लहरी खोल जाणाऱ्या लहरींपेक्षा हळूहळू क्षीण होत असल्यामुळे दूरवर पोहोचतात. यात मातीचा वाटाही असतो. कठीण कातळावर मातीचा थर असला, तर त्या थराला घंटेसारखा स्वतःचा सूर असतो, आणि लहरींचा वेग भागिले थराच्या जाडीची चौपट इतक्या सोप्या गणिताने तो अंदाजता येतो. सेकंदाला 200 मीटर वेगाने लहरी जाणाऱ्या मातीचा चार मीटर जाडीचा थर धरला, तर उत्तर साडेबारा हर्ट्झ येते. आमच्या इमारतीच्या पायासाठी पूर्वी घेतलेल्या छिद्रांच्या नोंदी काढून पाहिल्या, तर भराव आणि माती मिळून साधारण तेवढ्याच खोलीवर काळा कातळ लागला होता. चाकांचा ठेका आणि जमिनीचा सूर असे नेमके जुळले होते.

संबंधित कार्यालयाला हे पटवून देणे या सगळ्या मोजमापापेक्षा अवघड गेले, आणि त्याबद्दल मी तिथल्या माणसांना दोष देणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत येऊन उभे राहिलेल्या अधिकाऱ्यांना पायाखाली काहीच जाणवले नाही, कारण जाणवण्यासारखे काही नव्हतेच. जमिनीचा कंप माणसाला ढोबळमानाने सेकंदाला 100 मायक्रोमीटर वेगाच्या आसपास जाणवू लागतो, आणि शस्त्रक्रियागृहासाठीही हीच मर्यादा धरतात. सूक्ष्म उपकरणांसाठी जगभर ज्या श्रेणी वापरल्या जातात, त्या 1980 च्या दशकात एरिक उंगार आणि कॉलिन गॉर्डन यांनी मांडल्या. त्यांतील पहिली 50 मायक्रोमीटरची आहे आणि पुढची प्रत्येक आधीच्या निम्मी: 25, साडेबारा, सव्वासहा आणि शेवटची सुमारे तीन. आमच्यासारख्या यंत्राला सव्वासहाची श्रेणी लागते. म्हणजे ज्या जमिनीवर माणसाला सोळापट कंप होईपर्यंत काही कळत नाही, तिथे यंत्र केव्हाच आंधळे झालेले असते. हातात कप धरून उभे राहा, चहावर तरंगही उठणार नाही, असे मी त्यांना सांगितले, आणि मग पडद्यावर हायवा जाताना दाखवला. त्यानंतर चर्चा सोपी झाली.

या अडचणीचा इतिहास ट्रकांपेक्षा, मोटारींपेक्षाही जुना आहे. 1881 मध्ये आल्बर्ट मायकेलसन नावाचा 28 वर्षांचा अमेरिकी नौदलातील अधिकारी बर्लिनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या संस्थेत एक नवे उपकरण मांडून बसला होता. प्रकाशाचा एक किरण दुभंगून दोन काटकोनी भुजांतून पाठवायचा, आरशांवरून परतलेले दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणायचे, आणि त्यांच्या मिलनातून उमटणारे काळे-उजळ पट्टे पाहायचे, अशी त्याची रचना होती. एका भुजेची लांबी प्रकाशलहरीच्या अंशाइतकी बदलली, तरी पट्टे सरकतात. बर्लिनच्या फरसबंद रस्त्यांवरून घोडागाड्या धावत होत्या. दिवसा काम अशक्यच होते. रात्रीही आरसे भुजांच्या टोकांवर बसवले, की पट्टे अधूनमधूनच दिसत. शेवटी त्याने उपकरण उचलून पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले, तिथल्या दुर्बिणीच्या भक्कम दगडी पायाच्या आश्रयाने तळघरात मांडले, आणि तेव्हा कुठे प्रयोग झाला. तिथेही वेधशाळेपासून सुमारे 100 मीटरवर कोणी फरशीवर पाय आपटले तरी पट्टे पार नाहीसे होत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सहा वर्षांनी क्लीव्हलंडमध्ये मॉर्ली यांच्या साथीने त्याने हाच प्रयोग पुन्हा केला, तो पाऱ्यावर तरंगणाऱ्या एका मोठ्या शिळेवर. प्रकाशाच्या वेगाबद्दलच्या आपल्या समजुती बदलणाऱ्या या प्रयोगाच्या मुळाशी रस्त्याशी घेतलेला असा झगडा आहे, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. अणू दाखवणारा बोगदा-सूक्ष्मदर्शक झुरिकजवळ 1981 मध्ये प्रथम चालला, तोही मार्चमधल्या एका रात्री, कंप होऊ नयेत म्हणून श्वासही जपून घेत, असे तो घडवणाऱ्या बिनिग आणि रोहरर यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले होते.

मायकेलसनचेच उपकरण प्रचंड मोठे केले, की गुरुत्वीय लहरी, म्हणजे दूरच्या विश्वातून येणारे अवकाशाचेच सूक्ष्म ताणणे-आकसणे, टिपणारी लायगो वेधशाळा तयार होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड आणि लुइझियानातील लिव्हिंग्स्टन अशा दोन ठिकाणी तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा आहेत, आणि त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक ओळखण्याचे तिचे काम आहे. लिव्हिंग्स्टनची वेधशाळा पाइनच्या जंगलात आहे, आणि हे जंगल लाकडासाठीच राखलेले आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे दिवसा झाडे तोडणारी यंत्रे, लाकूड वाहणारे ट्रक आणि जवळच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्या यांच्यामुळे आरसे जागेवर धरून ठेवणेच अशक्य होत असे. कामाच्या दिवशी वेधशाळा बहुतांशी रात्रीचीच होती.

यातली गोम समजून घेण्यासाठी दोऱ्याला कुलूप बांधून हातात धरावे. हात झपझप हलवला, तर कुलूप जवळजवळ स्थिर राहते. हात अगदी सावकाश हलवला, तर कुलूप हाताबरोबर जाते. आणि हात कुलपाच्या स्वतःच्या झोक्याच्या ठेक्यावर हलवला, तर झोका वाढत वाढत हाताबाहेर जातो. टांगलेली वस्तू जमिनीच्या जलद कंपांपासून उत्तम वाचते आणि संथ कंपांपुढे निरुपाय होते. सेकंदाला एक झोका घेणारा दोलक 10 हर्ट्झचा कंप सुमारे शंभर पटींनी घटवतो; असे चार दोलक एकाखाली एक टांगले, तर आदर्श गणितात ही घट दहा कोटी पटींची होते, आणि आजच्या लायगोतील 40 किलोचा काचेचा आरसा काचेच्याच बारीक तंतूंवर अशा चौपदरी दोलकाच्या शेवटी लटकलेला असतो. पण ट्रकचे शरीर एक ते तीन हर्ट्झवर डोलते. दोलक जिथे मदत करत नाही, उलट झोका वाढवू शकतो, नेमका तोच हा प्रदेश आहे. म्हणून लिव्हिंग्स्टनमध्ये 2004 साली द्रवाच्या दाबावर चालणारी आधारयंत्रणा बसवण्यात आली. जमीन कुठे सरकते आहे हे भूकंपमापकांनी सतत मोजायचे आणि त्याच्या उलट दिशेला आधार ढकलायचा, असे तिचे काम आहे. त्यानंतर दिवसाही निरीक्षण करता येऊ लागले. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत निर्माण होणारे याहून संथ कंप वेगळेच, पण त्यांचा विषय इथे नको.

14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर सापडली, तेव्हा लिव्हिंग्स्टनला पहाटेचे 4 वाजून 50 मिनिटे झाली होती. आपल्याकडे दुपारचे 3 वाजून 20 मिनिटे. बाहेरच्या गोष्टींचा यंत्राला किती त्रास होतो हे मोजण्यासाठी मुद्दाम त्रास देऊन पाहायच्या चाचण्या त्या रात्री तिथे चालू होत्या. पहाटे चारच्या सुमारास चाचण्या करणारे थकून थांबले, आणि परिसरात मोटार चालवून ब्रेक मारण्याची चाचणी राहून गेली. ती झाली असती आणि लांबली असती, तर 130 कोटी वर्षे प्रवास करून आलेली लहर कदाचित एका मोटारीच्या धक्क्यांत हरवली असती. मी हा प्रसंग नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, कारण रात्रीच्या पाळीची किंमत त्यातून जितकी कळते तितकी नियमांच्या तक्त्यातून कळत नाही.

2020 च्या टाळेबंदीत या सगळ्याचे उलटे चित्र पाहायला मिळाले. बेल्जियमच्या राजवेधशाळेतील थॉमस लकॉक आणि जगभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 117 देशांतील 268 भूकंपमापक केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 185 केंद्रांवर माणसांच्या हालचालींतून येणारा कंप स्पष्टपणे घटलेला दिसला, आणि काही ठिकाणी ही घट निम्म्यापर्यंत होती. त्या काळात मी परवाना घेऊन आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत जात असे. तेव्हा घेतलेल्या प्रतिमा मी वेगळ्या जपून ठेवल्या आहेत. आमच्या यंत्राची खरी दृष्टी किती तीक्ष्ण आहे हे मला त्या दिवसांत कळले.

शहर थांबवता येत नाही आणि थांबवावे असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या मधोमध शहरी रेल्वेचा मार्ग जायचा होता, तेव्हा कंप आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय यांवरून विद्यापीठाने 2009 मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी समझोता झाला, प्रयोगशाळांजवळचे रूळ लवचीक आधारांवर तरंगणाऱ्या काँक्रीटच्या जाड लाद्यांवर घातले गेले, आणि 2014 मध्ये गाडी सुरू झाली. माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट ही, की उपाय रुळांखाली झाला. उगमाशी केलेला उपाय एकदा करावा लागतो आणि तो आसपासच्या सगळ्यांना उपयोगी पडतो. यंत्राखाली केलेला उपाय प्रत्येक यंत्राला वेगळा, महाग, आणि संथ कंपांपुढे अपुरा असतो. आमच्या बाबतीतही दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर चर पुन्हा खणून थराथराने दाबून भरला गेला आणि स्पीडब्रेकर फाटकापासून बराच पुढे, शाळेच्या वळणाजवळ, जिथे मुलांसाठी तो खरोखर हवा होता, तिथे नेला गेला. यंत्राखाली हवेच्या दाबावर तरंगणारे मेज घेण्याचा जो प्रस्ताव आम्ही तयार ठेवला होता, त्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य होता.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, फक्त पूर्वी त्याचे रूप निराळे होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने चुंबकसुया बहकतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम समुद्रापलीकडे अलिबागला नेले. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता यावी. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली. कारण चुंबकीय असले, तरी यातला शहाणपणा आमच्याच कामाचा आहे: वाहन येण्यापूर्वी हललेली वेधशाळा, आणि हलण्यापूर्वी केलेले मोजमाप. अलिबागची ती मालिका आजही चालू आहे.

म्हणूनच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाकडे माझे लक्ष लागलेले असते. 2016 च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. जागा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, मोठ्या शहरांपासून दूर आहे, आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली दख्खनचा भरवशाचा कातळ आहे. पूर्णा-अकोला लोहमार्ग वसमत आणि हिंगोलीवरून जातो, त्याचा विचार झालेलाच असणार. मला काळजी वाटते ती वेधशाळेमुळे येणाऱ्या गोष्टींची. मोठा प्रकल्प आला की रस्ता रुंद होतो, रस्ता रुंद झाला की खडी लागते, खडी लागली की क्रशर येतात, ढाबे येतात, आणि प्रत्येक वस्तीसमोर लोक रास्त कारणाने स्पीडब्रेकर मागतात. त्यातला कुठलाही निर्णय घेणाऱ्याला वेधशाळेचे वाईट करायचे नसेल. पण शांत जमीन ही धरणाच्या पाण्यासारखी राखावी लागते, आणि तिच्या राखणीची नोंद आज कोणत्याही ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवान्यात नसते.

गेल्या डिसेंबरात परभणीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून औंढ्याला जाऊन आले. नागनाथाचे दर्शन घेतले आणि रस्त्यालगतच्या एका हॉटेलात चहा घेताना मालकांना सहज विचारले, की इथे रात्री वाहतूक किती असते. "एरवी काही नाही, ताई," ते म्हणाले, "पण उसाचा हंगाम लागला की रात्रभर ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या. खड्ड्यात गेला की मधला जोड असा वाजतो, की झोप मोडते." आम्ही बोलत असतानाच एक ट्रॅक्टर गेला, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबत होता, आणि मागच्या ट्रॉलीचा लोखंडी आकडा खरोखरच घणासारखा आदळला. मी वहीत वेळ लिहिली, महिना लिहिला, आणि त्याखाली लिहिले, की इथल्या जमिनीचे मोजमाप वर्षभराचे हवे, आणि त्यात गाळपाचा हंगाम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत यायलाच हवा.